तुम्हाला सवय असते

रविवारी सकाळी पोह्यांची बशी हातात असतानाच सासूबाईंच्या पोटावरची पिशवी सुटली. मोठा आवाज असा झाला नाही. ओल्या पाकिटाचा गोंद सुटावा तसं काहीतरी फसकन झालं, आणि खुर्चीच्या कडेवरून फरशीवर थेंब पडायला लागले. पिवळट हिरवे, पातळ, आंबूस वासाचे. सुलूताईंनी बशी खाली ठेवली नाही. ती दोन्ही हातांनी छातीशी धरून त्या समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या, जणू जे गळतंय ते शेजारच्या घरातलं आहे. जितेश पेपर टाकून उठला, तो आईकडे न जाता दाराकडे गेला, आणि चौकटीत उभं राहून, टी-शर्टाची कॉलर नाकावर ओढून बायकोला म्हणाला, "वैजू, बघ ना जरा. तुम्हाला काय, सवय असते."

वैजयंतानं बघितलं. तिच्याखेरीज बघायला त्या घरात दुसरं कोणी नव्हतंच. तिघंच माणसं, शांती नगरातला दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात एक आजारी आणि एक चौकटीत उभा. तिनं सुलूताईंच्या हातातली बशी काढून घेतली, त्यांना धरून मोरीत नेलं, स्टुलावर बसवलं, गाऊन वर घेतला. पोटाच्या उजव्या अंगाला आतड्याचं टोक बाहेर काढून ठेवलं होतं. लालभडक, ओलं, जिभेसारखं, आणि ते हलत होतं. सहा आठवड्यांपूर्वी गुदाशयातली गाठ काढली तेव्हा खालची शिवण भरून येईपर्यंत डॉक्टरांनी ही वाट करून दिली होती. केमो संपली की परत आत जोडू म्हणाले होते. भोवतीची कातडी त्या पाण्यानं जळून सोलवटली होती. वैजयंता कोमट पाणी ओतत होती, कापसानं टिपत होती, आणि टिपता टिपता एकदम तिचा हात थांबला. तुम्हाला. अकरा वर्षांत जितेशनं तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं, चेष्टेतसुद्धा नाही. मग हे 'तुम्हाला' कुणाला होतं? ती एकटी तर नव्हती त्यात. तिच्या मागं कुणीतरी उभे होते, पुष्कळजण, आणि जितेशनं कॉलरच्या आडून त्या सगळ्यांना एकदम हाक मारली होती. लॅबमधल्यांना, हा एक अर्थ झाला, आणि तो बरोबर असणार, कारण ती घोडबंदर रोडवरच्या एका संशोधन प्रयोगशाळेत आतड्याच्या कॅन्सरवर काम करायची आणि रोज लोकांची विष्ठा डब्यांतून हाताळायची. दुसरा अर्थ वर यायला लागला तसा तिनं नळ मोठा सोडला. पण पाण्याच्या आवाजात तो शब्द बुडाला नाही. धुतला गेला आणि आणखी लख्ख दिसायला लागला.

ती नांदेडकडची, बौद्ध. वडील ज्ञानदेव, एसटीच्या डेपोत लेखनिक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांनी गावातली मेलेली जनावरं ओढली होती, ती छप्पन्न सालापर्यंत. त्या वर्षी त्यांनी दोर विहिरीत टाकला, आणि पुढं घरात कुणी त्या कामाला हात लावला नाही. हे ज्ञानदेव वर्षातून एकदा तरी सांगायचे, आवाज न चढवता, रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तसं. वैजयंताला या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा तिनं फोनवर त्यांना काम समजावून सांगितलं होतं: पेशंटच्या शौचाचे नमुने येतात, गाठीचे तुकडे येतात, त्यांतले जिवाणू वाढवून बघायचे.  मग त्यांनी विचारलं, "हातमोजे असतात ना?" असतात, ती म्हणाली. "मग ठीक," ते म्हणाले, आणि पुढं कधी तो विषय काढला नाही. तिला तेव्हा हसू आलं होतं. आता मोरीत ओणवं बसून, सासूच्या मांडीवरचे ओघळ पुसताना, हातात हातमोजे नाहीत हे तिच्या ध्यानात आलं आणि घशाशी काहीतरी आंबट आलं. ही किळस होती. सात वर्षांत प्रयोगशाळेत एकदाही आली नव्हती ती. आणि ती समोरच्या घाणीची नव्हती हेही तिला तेव्हाच कळलं. ती कुठूनतरी मागून आली होती, दाराच्या चौकटीकडून.

त्यानंतर घरभर तिला गोष्टी दिसायला लागल्या. मोरीतली निळी बादली, तिची वेगळी. लग्न झालं तेव्हा ती भाईंदरला एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, आणि सुलूताई म्हणाल्या होत्या, लॅबचे जंतू नकोत बाई घरात, तू आल्यावर आधी आंघोळ करत जा, ही तुझी बादली. तिलाही ते पटलं होतं. उलट रत्नागिरीच्या खेड्यातून आलेल्या बाईला जंतू कळतात याचं कौतुक वाटलं होतं. दारामागचा खिळा, तिच्या पर्सचा, बाकीच्यांच्या खुंट्यांपासून हातभर लांब. तोही लॅबसाठीच. ज्ञानदेव पहिल्यांदा या घरी आले, सोफ्याच्या कडेला पाठ न टेकता बसले, तेव्हा चहा नव्या कपांतून आला होता. पांढरे, सोनेरी कडेचे. पाहुण्यांसाठी नवे कप काढले म्हणून वैजयंता मनातून सुखावली होती. ते कप नंतर कुठं गेले? अकरा वर्षांत तिनं ते परत पाहिले नव्हते. गावाकडचं कोणी आलं की सुलूताई ओळख करून द्यायच्या, "ही सून, नांदेडकडची, शास्त्रज्ञ आहे हां," आणि तिथंच थांबायच्या. जिल्हा आणि हुद्दा, मधलं काही नाही. एकेक गोष्ट साधी होती. एकेकीला कारण होतं. पण रविवारच्या त्या एका शब्दानं सगळ्यांच्या खालची फरशी उचकटली होती आणि खाली ओल दिसत होती. कदाचित ओल नसेलही, नुसती सावली असेल. बघायला वाकलं की वास यायचा आणि ती मागं सरायची.

आजाराचंही तेच झालं होतं. सुलूताईंना आठ महिने रक्त जात होतं. मूळव्याध म्हणून त्या चूर्ण घेत राहिल्या, संडासात पाणी ओतून ओतून लाल पुसत राहिल्या, आणि शेवटी चक्कर येऊन जिन्यात पडल्या तेव्हा समजलं. घरात सून याच रोगावर काम करतेय, रोज संध्याकाळी त्याच्याच गप्पा सांगतेय, आणि सासू शेजारच्या खोलीत रक्त लपवतेय. वैजयंतानं दवाखान्यात विचारलं होतं, "आई, मला का नाही सांगितलंत?" सुलूताई तोंड फिरवून म्हणाल्या, "तुला सांगितलं असतं तर तू डबी घेऊन आली असतीस." तेव्हा नर्सही हसली होती, जितेशही. आता ते वाक्य आठवलं की वैजयंताला त्यातलं हसू सापडेना.

सोमवारी ती बसनं कामावर गेली. प्रयोगशाळेत एक काचेची मोठी पेटी होती, तिच्यातला ऑक्सिजन काढून टाकलेला. समोरून दोन लांब रबरी बाह्या आत गेलेल्या, त्यांत खांद्यापर्यंत हात घालून काम करायचं. तिचा जिवाणू हवेत मरायचा. तो मूळचा तोंडातला, दातांच्या मुळाशी राहणारा, सगळ्यांच्याच. तिथून तो कधी रक्तातून, कधी गिळलेल्या थुंकीतून आतड्यात उतरतो, आणि काहींच्या गाठीत जाऊन घर करतो. ज्या गाठींत तो जास्त, त्या केमोला नीट दाद देत नाहीत असं काही संशोधकांना दिसलं होतं. तो रोग वाढवतो, की रोगानं केलेल्या जागेत नुसता येऊन राहतो, हे अजून कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. वैजयंताचा पीएचडीचा प्रबंध त्यावरच होता; शेवटचं प्रकरण उरलं होतं. भिंगाखाली तो दोन्ही टोकांना निमुळता दिसायचा, हुबेहूब गव्हल्यासारखा. पहिल्या वर्षी तिनं हे कौतुकानं घरी सांगितलं होतं, आणि त्या वर्षीपासून सुलूताईंनी गव्हल्यांची खीर करणं सोडलं होतं. त्या सोमवारी तिनं जिवाणू वाढवलेली बशी भिंगाखाली बघायला पेटीबाहेर काढून तिचं झाकण उघडलं, आणि तो नेहमीचा वास, खवट तुपाचा, शिळ्या ओकारीचा, ज्याला ती गेली सात वर्षं नुसती खूण समजत आली होती, तो थेट पोटात उतरला. तिनं झाकण लावून टाकलं आणि बेसिन गाठलं.

प्रमुख डॉक्टर समिधा मागून आल्या. वयानं थोड्याच मोठ्या, बोलायला मोकळ्या. "काय गं, गुड न्यूज?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम. वास आला."

"तुला? वास?" समिधा बारीक नजरेनं बघत राहिल्या. "घरी कशा आहेत?"

वैजयंतानं तोंड पुसलं. सांगायचं होतं ते एका सर्वनामाबद्दल होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. ती दुसरंच म्हणाली, जे तितकंच खरं होतं. "तो एकशे चौदा नंबरचा तुकडा. तारीख आमच्या आईंच्या ऑपरेशनची आहे, हॉस्पिटलही तेच. नाव नाही, पण मला कळतंय. त्यातला जिवाणू बशी भरून वाढलाय. मी त्याच्यावर काम करू नये."

"बरोबर आहे, करू नयेस. स्वातीकडे दे तो. आणि आधीच सांगायचंस." मग आवाज खाली आणून, "घरी बोललीस?"

"नाही."

"नको बोलूस. त्याचा अर्थ आपल्यालाच कळलेला नाही अजून."

येताना ती पूनम सागरच्या स्टॉपवर उतरून मेडिकलमध्ये गेली. दुकानदारानं पोटाला लावायच्या पिशव्यांचा खोका आधी वर्तमानपत्रात गुंडाळला, मग काळ्या प्लास्टिकमध्ये, मग आजूबाजूला बघून काउंटरखालून पुढं सरकवला. "भाभी, कोई देखेगा नहीं," तो म्हणाला, उपकार केल्यासारखा. तिनं ते काळं प्लास्टिक तिथंच फाडलं आणि खोका उघडा हातात धरून घरापर्यंत चालत आली. हा मूर्खपणा आहे हे तिला चालताना कळत होतं. कोणीही बघितलं नाही.

बुधवारी सकाळी ऑफिसला निघायच्या आधी जितेशनं विषय काढला. तो एका विमा कंपनीत दावे तपासायचा आणि घरातही तसंच बोलायचा, मुद्दे सुटे करून. केमो सहा महिने चालणार. बाई ठेवली तर ती किती नीट करील सांगता येत नाही. आईला परक्याचा हात लागलेला आवडत नाही. "तू सहा महिने सुट्टी टाक ना. बिनपगारी मिळेल. प्रबंध काय, पुढच्या वर्षी."

"आणि तू?"

"मला जमणार आहे का ते? वैजू, मी बघितलं तरी मला उलटी येते. तुझ्याशिवाय कोणाला जमणार?"

"रविवारी तू म्हणालास, तुम्हाला सवय असते."

"मग? असतेच की."

"तुम्हाला म्हणजे कोणाला?"

तो बुटाची नाडी बांधत होता. नाडी हातात तशीच राहिली. खाली कुणीतरी दुकानाचं शटर वर केलं; ते अर्धं गेलं, अडकलं, मग पुन्हा झटका देऊन वर गेलं.  मग जितेश म्हणाला, "लॅबवाल्यांना गं. अजून कोणाला?"

उत्तर बरोबर होतं. पण शटर आधी वर गेलं होतं आणि उत्तर नंतर आलं होतं.

"ठीक," ती म्हणाली.

"म्हणजे आता यात पण तू तेच आणणार?"

"तेच म्हणजे काय?"

तो उठला, बॅग खांद्याला लावली आणि दार ओढून घेऊन गेला. वैजयंता उभी राहिली. अकरा वर्षांत तिनं 'ते' एकदाही आणलं नव्हतं. बाबासाहेबांचा निळ्या चौकटीतला फोटो तिनं या घरात भिंतीवर लावला नव्हता. तो ऑफिसच्या टेबलावर होता. चौदा एप्रिलला ती एकटी जाऊन यायची आणि कुठं गेले होते ते सांगायची नाही. कोणी विचारायचंही नाही. तिला वाटायचं हा समजूतदारपणा आहे, दोघांचा. आज तिला कळलं की तो समजूतदारपणा म्हणजे नुसतं नाकावर कॉलर ओढणं होतं, आणि ती स्वतःही ती ओढूनच वावरत आली होती. याची तिला सगळ्यांत जास्त किळस आली. नवऱ्याची येणं सोपं होतं.

शुक्रवारी तिनं अर्धा दिवस रजा घेतली, केमोचा पहिला दिवस आदल्या दिवशीच झाला होता म्हणून. दुपारी सुलूताईंची पिशवी बदलायची होती. पलंगावर उताण्या पडून त्या पंख्याकडे बघत होत्या. औषधानं तोंड कडू झालं होतं, ओठ सुकले होते. वैजयंतानं कातडी कोरडी केली, मलमाचं वेटोळं घातलं, पिशवी अडकवायची चकती बसवली. चकती धरायला तळहाताची ऊब लागते. मिनिटभर हात पोटावर दाबून ठेवावा लागतो. तिनं हात ठेवला.

"तुझ्याकडे माझा तुकडा आलाय ना?" सुलूताईंनी विचारलं.

"नावं नसतात त्यांच्यावर."

"ते मला सांगू नको. तुझं तोंड बघते मी सोमवारपासनं. सापडले काय त्यात तुझे ते किडे?"

समिधा नको म्हणाल्या होत्या.  पण वैजयंताला या घरातल्या सगळ्याच झाकणांचा वीट आला होता. "नक्की ठाऊक नाही. तारखेवरून वाटतं की तुमचाच. आणि त्यात आहेत. पुष्कळ आहेत. पण त्यानं औषध लागू पडणार नाही असं नाही, आई. आम्हालाच अजून कळलेलं नाही. खोटं कशाला सांगू."

सुलूताईंनी डोळे मिटले. पोट तिच्या हाताखाली वरखाली होत राहिलं. मग त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "खरं बोललीस. मग मी पण बोलते. ती बादली लॅबसाठी नव्हती गो."

वैजयंताचा हात हलला नाही.

"लॅब हे बरं निमित्त सापडलं. कुणी विचारलं तर सांगायला. जितेशला ठाऊक होतं. तो म्हणाला, तिला वाईट वाटेल असं काही बोलू नको, लॅबचं सांग. तुझ्या वडलांचे ते कप कामवालीला दिले." त्या थांबल्या, घोट गिळायला त्यांना त्रास होत होता. "आता तू रोज हात घालतेस इथं. मी पडल्या पडल्या बघते. कसली किळस होती मला, काय माहीत. अजून आहे की गेली तेपण समजत नाही."

मिनिट झालं होतं की नाही हे वैजयंताला कळेना. तळहात जळल्यासारखा झाला होता. काढावा, उठावं, निळी बादली उचलून गॅलरीतून खाली फेकावी, असं सगळं एकापाठोपाठ एक मनात आलं आणि गेलं. हात काढला तर चकती सुटेल आणि सगळं पुन्हा करावं लागेल, एवढंच तिला त्या वेळी स्पष्ट दिसत होतं. तिनं हात दाबून धरला. ती दया नव्हती. तिला आतून मळमळत होतं, आणि त्या मळमळीतच कुठंतरी पाय टेकल्यासारखंही वाटत होतं. ओल होती, सावली नव्हती. तिचं डोकं फिरलेलं नव्हतं. मनाशी साठपर्यंत आकडे मोजून तिनं पिशवी चकतीवर बसवली, कडा बोटानं फिरवून बघितली आणि गाऊन खाली ओढला.

"मी सुट्टी टाकत नाहीये," ती म्हणाली. "प्रबंध पुरा करणार. दिवसाची बाई सोमवारपासून येईल. रविवारी जितेश करील."

"तो? त्याला जमेल?"

"शिकवीन."

सुलूताई म्हणाल्या, "शिकव. मी सांगते त्याला."

त्यांनी सांगितलं. काय सांगितलं ते वैजयंतानं ऐकलं नाही, पण रविवारी जितेश दोन मास्क एकावर एक चढवून, कोपरापर्यंत हातमोजे घालून आईच्या पलंगाशी येऊन उभा राहिला. वैजयंता लांब उभी राहून सांगत गेली. आधी वरची कड सोड. ओढू नकोस, कातडी दाबून धर. आता पाणी. जितेशनं पिशवी काढली आणि ते लाल टोक हललं, तसा त्याचा चेहरा मास्कच्या वर आक्रसला; डोळे बारीक झाले, मान आपोआप मागं गेली, हात तेवढा पुढं राहिला, स्वतःचा नसल्यासारखा. त्या तोंडाकडे त्याची आई खालून बघत होती. तिनं इतक्या जवळून ते कधी बघितलं नसणार. सून मात्र ओळखत होती. हा चेहरा अकरा वर्षं तिच्या समोर हसत होता, सभ्य होता, आणि वेळीच दुसरीकडे वळत होता, म्हणून तो तिला दिसला नव्हता.

"तोंड फिरवू नकोस रे," सुलूताई म्हणाल्या. "मेले नाही मी अजून."

"नाही फिरवत, आई."

"फिरवलंस. इकडे बघ. बघून कर."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं बघून केलं. वीस मिनिटं लागली, दोनदा चकती वाकडी बसली, पण केलं. मग तो मोरीत गेला आणि नळ बराच वेळ वाहत राहिला. वैजयंतानं ताटं वाढली. तो बाहेर आला तेव्हा हात कोपरापर्यंत लाल झाले होते. तो तिच्या शेजारी बसला, त्यानं हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाला, "वैजू, मी तसं नव्हतं म्हटलं."

त्या हाताला साबणाचा वास होता. दोनदा, तीनदा घासलेल्या, डेटॉल ओतलेल्या, कातडीपलीकडं स्वच्छ केलेल्या हाताचा. हातातला घास तिनं ताटात परत ठेवला. तिनं तो हात झटकला नाही. फक्त उठली, ताट उचललं आणि आतल्या खोलीत गेली. तिथं अजून वास कोंडला होता. ती पलंगाच्या पायथ्याशी टेकली आणि ताट मांडीवर घेतलं.

"इथं जेवतेस?" सुलूताईंनी विचारलं. "घाण वास येतोय गो."

"येऊ दे."

तिनं माफ केलं होतं असं नाही. पुढं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. नांदेडला फोन करायचा होता, प्रकरण लिहायचं होतं, बाहेर एक माणूस रिकाम्या खुर्चीशेजारी बसला होता. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि खाल्ला. घास सरळ खाली उतरला. सुलूताईंनी तिच्याकडे बघितलं, मग पाय हळूच आखडून घेऊन तिला नीट बसायला जागा करून दिली.